कुंकू माशांचं दुखणं

“आणि पाणी?” बाईंनी विचारलं.

“तपासलं.”

“कधी?”

“रोज तपासतो, बाई. सकाळी आणि संध्याकाळी. पाण्यात काही नाही.”

“खाणं?”

“तीनदा बदलून बघितलं.”

“मेलेला मासा उघडून बघितलास?”

“चाळीस उघडले.”

“काय मिळालं?”

निशिकांतने मांडीवरचा डबा खाली फरशीवर ठेवला. डब्यात बर्फ होता आणि बर्फावर सकाळीच मेलेले दोन मासे.

“काही नाही. म्हणजे... ज्याला नाव देता येईल असं काही नाही.”

पडवीसमोरच्या माडांवरून वारा गेला. बंदराकडे जाणारा एक टेम्पो रस्त्यावर थांबला, पुन्हा सुरू झाला.

मनोरमाबाई धुरींनी वेंगुर्ल्याच्या कॉलेजात चौतीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं होतं. विद्यार्थी त्यांना दोन गोष्टींसाठी ओळखायचे. त्या कधी आवाज चढवत नसत. आणि उत्तराची सुरुवात कुणी ‘अर्थातच’ने केली, की त्या अर्धे गुण कापत.

निशिकांत आरोलकर त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. कुडाळला त्याचं औषधांचं दुकान होतं, पण जिल्ह्यात त्याचं नाव होतं ते माशांमुळे. कुणाच्या घरी काचेच्या टाकीतला मासा मेला, की फोन निशिकांतला. तो प्रश्न विचारायचा, फोटो मागवायचा आणि मासा कशाने मेला ते सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर सांगायचा.

अकरा वर्षांपूर्वी त्याने डोंगराकडच्या एका ओहोळातून बोटाच्या पेराएवढे मासे आणले होते. रुपेरी अंग, कल्ल्याजवळ लालभडक ठिपका. हा मासा घरात जगत नाही, असं सगळे म्हणायचे. निशिकांतने तो जगवला. त्याची पिल्लं काढली, पिल्लांची पिल्लं काढली. लाल ठिपका पिढीगणिक गडद होत गेला. त्याने त्या माशाला ‘कुंकू’ नाव दिलं. पुढे सगळेच ते म्हणू लागले.

आता ते कुंकू मासे मरत होते.

“किती महिने झाले?” बाईंनी विचारलं.

“चौदा.”

“कसे मरतात?”

“घाईने मरत नाहीत. तेच तर... आधी एखादा घोळक्यातून बाजूला होतो. मग खाणं टाकतो. पोट आत जातं, पाठीला बाक येतो. ठिपका फिका पडतो. दहा-पंधरा दिवसांनी तळाशी पडलेला दिसतो. आठवड्याला एक. कधी दोन. बाकीचे हुंदडत असतात. मला वाटतं, संपलं. की पुन्हा एक बाजूला होतो.”

“औषधं?”

निशिकांतने औषधांची नावं सांगितली. बरीच होती. मीठ घालून बघितलं होतं. पाणी कोमट ठेवून बघितलं होतं. एका टाकीतली वाळू काढून टाकली होती, दुसरीतल्या वनस्पती.

“एवढं सगळं करून आजार कुठला ते कळलं?”

“कुठला नाही ते कळलं.”

“हं... आणि कुठला आजार तू शोधलाच नाहीस?”

“सगळे शोधले, बाई.”

“अर्थातच,” बाई म्हणाल्या.

निशिकांतने मान खाली घातली. सेहेचाळीस वर्षांच्या माणसाचे कान लाल झाले.

बाई उठून आत गेल्या. दोन वर्षांपूर्वी त्या पडल्या होत्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. अजून चालताना भिंतीला हात लावावा लागे. कोकमाच्या सरबताचा पेला घेऊन त्या सावकाश बाहेर आल्या आणि त्यांनी तो पुढे केला.

निशिकांतने तो डाव्या हाताने घेतला.

बाईंनी पेला सोडला नाही. दोघांचे हात त्या पेल्यावर तसेच राहिले.

“उजव्या हाताला काय झालं?”

“काही नाही. बोट जरा सुजलंय. पकडताना दुखतं.”

“दाखव.”

“बाई, मी माशांबद्दल विचारायला...”

“दाखव.”

त्याने हात पुढे केला. बाईंनी पेला खाली ठेवला, चष्मा पुसला आणि त्याचा हात उजेडाकडे वळवला.

अनामिकेच्या सांध्यावर जांभळट गाठ होती, वर खपली धरलेली. मनगटावर दुसरी, जरा लहान. कोपराच्या खाली तिसरी, नुकतीच वर येऊ लागलेली. एका ओळीत होत्या. बोटातून कुणीतरी सावकाश वर चढत चालल्यासारख्या.

“कधीपासून?”

“झाले सात-आठ महिने.”

“डॉक्टर काय म्हणाले?”

“दोघांना दाखवलं. एक म्हणाले बुरशी आहे, मलम दिलं. दुसऱ्यांना वाटलं वाताची गाठ असेल.”

“मासे पाळतोस हे सांगितलंस त्यांना?”

“त्यांनी विचारलं नाही.”

“तुझ्याकडे कुणी मेलेला मासा घेऊन आलं, तर तू काय काय विचारतोस?”

निशिकांतने बर्फावरच्या माशांकडे बघितलं.

“सगळं.”

बाईंनी त्याचा हात सोडला नाही.

“चाळीस मासे कापून बघितलेस,” त्या म्हणाल्या. “हे न कापता दिसत होतं.”

निशिकांत स्वतःच्या हाताकडे बघत राहिला. आठ महिने तो याच हाताने टाक्या साफ करत होता, मेलेले मासे उचलत होता. याच हाताला रात्री मलम चोळत होता. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

“क्षय,” तो म्हणाला. “माशांचा क्षय.”

“नाव माहीत होतं?”

“होतं.”

“माणसाच्या हाताला होतो हेही?”

“वाचलं होतं.”

“मग तपासला का नाहीस?”

“तो गलिच्छ टाक्यांमध्ये होतो, बाई. जिथे कुठूनही आणलेले मासे एकत्र कोंबतात तिथे. अकरा वर्षांत मी बाजारातला एक मासा घरात घेतलेला नाही. माझ्याकडे...”

वाक्य तिथेच राहिलं. बाईंनी ते पूर्ण केलं नाही. त्यांनी फक्त चप्पल कुठे आहे ते बघितलं.

“चल,” त्या म्हणाल्या. “डबा घे.”

*

कॉलेजची प्रयोगशाळा सुट्टीमुळे बंद होती. तिथले जुने मदतनीस गावडे चाव्या घेऊन आले.

“बाई! किती वर्सांनी इलात!”

“काम आहे, गावडे. सूक्ष्मदर्शक हवा. आणि क्षयाचे जंतू रंगवायचा लाल रंग अजून आहे का?”

“आसा. तुमच्याच कपाटात आसा.”

निशिकांतने हातमोजे घातले. बाईंनी सांगितलं म्हणून नव्हे. पण घालताना त्याने त्यांच्याकडे बघितलं नाही.

मासा त्यानेच उघडला. प्लीहा टाचणीच्या डोक्याएवढी होती. ती त्याने काचेवर चिरडली, वाळवली, रंगवली, खालून ज्योत दिली, धुतली, पुन्हा रंगवली. बाई स्टुलावर बसून होत्या. मध्ये एकदाच बोलल्या.

“घाई करू नकोस.”

“करत नाही.”

“करतोयस.”

काच वाळली. निशिकांत सूक्ष्मदर्शकावर वाकला. त्याने एका हाताने काच जराशी सरकवली. मग थांबला. बराच वेळ थांबला.

गावडे खिडकीपाशी उभे होते, ते हळूच बाहेर निघून गेले.

“काय दिसतं?” बाईंनी विचारलं.

“लाल काड्या.”

“किती?”

“मोजता येणार नाहीत.”

बाईंनी चष्मा काढून स्वतः बघितलं. मग त्या बाजूला झाल्या.

“औषध?” त्याने विचारलं.

“औषधांचं दुकान तुझं आहे.”

“मला तुमच्या तोंडून ऐकायचंय.”

“तुझा हात बरा होईल. चार-सहा महिने गोळ्या घ्याव्या लागतील, त्याही डॉक्टरच्या सांगण्यावरून, तुझ्या मनाने नाही. मासा यातून बरा होत नाही.”

“सगळे?”

“सगळे.”

“जे अजून चांगले दिसतायत तेही?”

“तुला चांगले दिसतायत,” बाई म्हणाल्या.

निशिकांतने हातमोजे काढले. ते नीट काढायला त्याला फार वेळ लागला.

*

प्रयोगशाळेबाहेरच्या व्हरांड्यात एक लांब बाक होतं. दोघं तिथे बसले. दुपार कलायला लागली होती.

“कुणाकुणाला दिलेस?”

“सतरा घरं. दोन शाळा. एका दातांच्या डॉक्टरांच्या खोलीत एक टाकी आहे.”

“त्यांच्याकडे मेले?”

“मेले.”

“तुला कळवलं नाही त्यांनी?”

“फोन आले होते.”

“मग?”

निशिकांतने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

“मी सांगितलं...”

“काय सांगितलंस?”

“की तुम्ही पाणी नीट बदलत नाही. जास्त खायला घालता. टाकी उन्हात ठेवली असेल.”

“सगळ्यांना?”

“...सगळ्यांना.”

“त्यांचं कुणाचं पाणी तपासलंस?”

“नाही.”

अंगणात गावडे वाळलेली पानं गोळा करत होते.

मग निशिकांत एकदम उठून उभा राहिला.

“शाल्मली,” तो म्हणाला.

“कोण?”

“माझ्या मित्राची धाकटी बहीण. शाल्मली नाबर. मालवणला असते. गेल्या वर्षी तिचं मूत्रपिंड बदललं. आईने दिलं. घरी आली तेव्हा बाहेर जायला बंदी, माणसांत जायला बंदी. दिवसभर एकटी. म्हणून मीच नेऊन दिली तिला टाकी. चार जोड्या... बाई, ती ज्या गोळ्या घेते त्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या आहेत. आयुष्यभर घ्यायच्या आहेत. तिच्यासारखीच्या अंगात हे शिरलं तर हातावर थांबणार नाही.”

“तिचा फोन आला होता?”

“महिन्यापूर्वी. म्हणाली, दादा, एक मासा वाकडा झालाय.”

“आणि तू?”

“मी म्हटलं, हौस असून चालत नाही, शिस्त लागते.”

बाईंनी डोळे मिटून घेतले.

“लाव,” त्या म्हणाल्या. “आत्ता. माझ्यासमोर.”

त्याने फोन लावला. बाईंना ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. दुसऱ्या घंटेला तिने उचलला, आणि तो काही बोलायच्या आधीच तिचा घाईघाईचा आवाज आला.

“दादा, मी आता पाणी मोजून बदलते हो. अगदी तुम्ही सांगितलं तसं. खाणंही कमी केलंय. तरी परवा आणखी एक गेला. मी तुम्हाला सांगणारच होते, पण म्हटलं, तुम्ही रागवाल.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलंही नाही. वाट बघितली फक्त.

“शाल्मली,” तो म्हणाला, “चूक तुझी नव्हती.”

“अं?”

“पाणी चांगलंच होतं तुझं. खाणंही बरोबर होतं. आजार माझ्याकडून आला. मी दिलेले मासेच आजारी होते. मी तुला उगाच बोललो.”

“तुम्हाला माहीत नसेल ना दादा.”

“मी बघितलं नाही. शाल्मली, नीट ऐक. तुझ्या हातावर कुठे गाठ, पुळी, न भरणारी जखम... असं काही आहे?”

“मनगटावर एक पुळी आहे. पण ती काय... दुखतसुद्धा नाही. तुम्हाला कसं कळलं?”

निशिकांतने बाकाची कड धरली.

“आजच्या आज तुझ्या मोठ्या डॉक्टरांना फोन कर. मासे पाळते हे सगळ्यांत आधी सांग. त्यांनी विचारलं नाही तरी सांग. आणि टाकीत आता हात घालायचा नाही. मी येतो, मी उचलतो ती टाकी.”

“सगळे मासे नेणार?”

“हो.”

“एक मादी माझ्या बोटाजवळ येते हो, दादा. तिला काही झालेलं नाही.”

“हो,” तो म्हणाला. “तरी.”

फोन बंद झाला. त्यानंतर त्याने त्याच बाकावर बसून बाकीच्या सोळा घरांना फोन केले, दोन्ही शाळांच्या मुख्याध्यापकांना केला, दातांच्या डॉक्टरांना केला. प्रत्येकाला त्याने तेच सांगितलं. काही जण चिडले. एका शाळेतल्या मॅडम म्हणाल्या, मुलांनी दोन मुलींना दोष देऊन रडवलं होतं, टाकीची पाळी त्यांची होती म्हणून. निशिकांतने त्या मुलींची नावं विचारून घेतली.

शेवटचा फोन संपेपर्यंत बाई तिथून हलल्या नाहीत.

शाल्मलीच्या मनगटावर तोच आजार निघाला. आत पसरलेला नव्हता. सात महिने औषध चाललं, इतर गोळ्यांशी जुळवून घेत, दर पंधरा दिवसांनी रक्त तपासत. दोनदा तिला ताप आला आणि दोन्ही वेळा निशिकांत दवाखान्याच्या बाहेर बसून राहिला, आत कुणी बोलावलं नव्हतं तरी. ती बरी झाली. त्याचंही बोट बरं झालं, फक्त पूर्ण मिटेनासं झालं. पण हे सगळं नंतरचं.

*

त्या आठवड्याच्या शेवटी बाई कुडाळला त्याच्या घरी आल्या. त्याने बोलावलं नव्हतं.

घराच्या मागच्या बाजूला पत्र्याची लांब खोली होती. दोन्ही भिंतींना रांगेने टाक्या, प्रत्येकीवर एक दिवा. आत शिरलं की पाण्याची एकसारखी बुडबुड ऐकू यायची. प्रत्येक टाकीत लाल ठिपके वळत होते, एकत्र, पुन्हा विरुद्ध दिशेला, पुन्हा एकत्र.

मेजावर लवंगेच्या तेलाची बाटली होती.

“सुरू केलं नाहीस?” बाईंनी विचारलं.

“सकाळपासून तिसऱ्यांदा आत येतोय.”

बाई खुर्चीवर बसल्या. निशिकांतने दुसऱ्या बाटलीत कोमट पाणी घेऊन त्यात तेलाचे थेंब टाकले, ती हलवली. पहिल्या टाकीतले मासे जाळीने बादलीत घेतले. ते पाणी वरून ओतलं. मासे आधी जरा फिरले, मग मंद झाले, मग एका कुशीवर कलंडले. कल्ल्यांची हालचाल थांबली. तो त्यानंतरही थांबला. दहा मिनिटं थांबला. मग दुसरी टाकी.

खोलीत लवंगेचा वास भरला. सणासुदीच्या स्वयंपाकघरात येतो तसा.

एकेक दिवा विझत गेला.

दुपारपर्यंत कोपऱ्यातली एक टाकी तेवढी उरली. बाकीच्यांपेक्षा मोठी. काच आरशासारखी पुसलेली. आत कुंकू मासे नव्हते. साधे गप्पी होते, राखी आणि पिवळे, विहिरीत सोडतात तसले.

निशिकांतने त्या टाकीला हात लावला नाही. त्याने जाळी धुवायला घेतली.

“ही?” बाईंनी विचारलं.

“ही राहू दे.”

“का?”

“यातला एकही मेलेला नाही, बाई. चौदा महिन्यांत एकही नाही.”

बाई उठल्या. भिंतीला हात लावत त्या टाकीपर्यंत गेल्या आणि काचेजवळ वाकून बघू लागल्या. पानाआड एक म्हातारी मादी होती. बाकीच्यांहून जाड, संथ. शेपटीच्या अलीकडे तिच्या पाठीला थोडासा बाक होता. सांगितल्याशिवाय कळला नसता एवढाच.

“ही अशी कधीपासून आहे?”

“आली तेव्हापासून.”

“कुठून आली?”

निशिकांतने जाळी पुन्हा पाण्याखाली धरली.

“निशिकांत, कुठून आली?”

“तुम्हीच दिली होतीत, बाई. तुम्ही पडलात तेव्हा. पाणी बदलणं जमणार नाही म्हणून तुमची टाकी माझ्याकडे पाठवलीत ना. हे सगळे तुमचेच आहेत.”

“आणल्यावर वेगळे ठेवले होतेस?” त्यांनी मग विचारलं. “तीन आठवडे. नव्या माशांना ठेवतोस तसे?”

“नाही.”

“जाळी वेगळी?”

“नाही.”

“का नाही?”

“तुमचे होते, बाई!”

तो जवळजवळ ओरडला. आणि ओरडल्यावर त्याला स्वतःलाच ते ऐकू आलं. तो तसाच उभा राहिला, हातातली जाळी टपटपत होती.

बाई पुन्हा टाकीकडे वळल्या.

“हा बाक मला दिसला होता,” त्या म्हणाल्या. “देण्याच्या आधीच दिसला होता. मी म्हटलं, वय झालं असेल. हा आजार अंगात घेऊन काही मासे वर्षानुवर्षं जगतात, हे ठाऊक असून.”

मग त्यांनी डाव्या दंडावरची पोलक्याची बाही वर सरकवली. कोपराच्या जरा वर बोटभर लांबीचा जुना व्रण होता, टाके घातल्याच्या खुणा असलेला.

“चार वर्षांपूर्वी गाठ काढली. काय होती ते त्यांना कळलं नाही. मासे पाळते हे मीही सांगितलं नव्हतं.”

लवंगेचा वास तसाच होता. शेवटचा दिवा जळत होता आणि त्याच्या उजेडात गप्पी काचेपाशी गोळा झाले होते, कुणी जवळ आलं की खायला मिळतं म्हणून.

“बाटली दे,” बाई म्हणाल्या.

“मी करतो.”

“माझे आहेत म्हणालास ना?”

त्याने बाटली दिली. मासे त्यांनी स्वतः काढले, एकेक करून. म्हातारी मादी सगळ्यांत शेवटी सापडली. तेल ओतून झाल्यावर त्या बादलीशेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि पाणी स्थिर होईपर्यंत उठल्या नाहीत.

*

मग निशिकांतने त्यांना पडवीत आणून बसवलं. रिक्षा यायला वेळ होता.

“सगळ्यांना पाठवायला एक मजकूर लिहिलाय,” तो म्हणाला. “काय काय करायचं, टाक्यांचं काय करायचं, डॉक्टरांना काय सांगायचं.”

“वाच.”

त्याने फोनवरून वाचून दाखवलं. बाईंनी दोन शब्द बदलायला सांगितले.

“आजार आला कुठून, ते नाही यात.”

“त्याची काय गरज आहे?”

“त्यांच्या जागी तू असतास तर विचारलं नसतंस?”

“मी लिहितो, की माझ्या निष्काळजीपणामुळे आला. ते खोटं नाही.”

“पूर्ण आहे का?”

“बाई... जिल्ह्यातले निम्मे शिक्षक तुमच्या हाताखालून गेलेत. लोक तुमचं नाव घेतात तेव्हा...” तो थांबला. “तुमचं नाव यात कशाला? कुणालाच कळायचं कारण नाही.”

“माझ्याकडून मासे घेणारा तू एकटाच असशील कशावरून?”

निशिकांतने वर बघितलं.

“आणखी कुणाला दिलेत?”

“खुब्याचं दुखणं होतं. घर रिकामं करायचं होतं. आठवतात तेवढी तीन नावं सांगते. आठवत नाहीत ती माणसं वाचतील तेव्हा त्यांना कळेल. लिही.”

त्या सांगत गेल्या, तो लिहीत गेला. मनोरमा धुरी यांच्या घरच्या माशांपासून. त्यांना बाक दिसला होता. त्यांनी तो तपासला नाही.

“पाठव.”

त्याने अंगठा फोनवर ठेवला. तो तसाच राहिला.

बाई रस्त्याकडे बघत होत्या.

त्याने मजकूर पाठवला.

रिक्षा फाटकापाशी येऊन थांबली. बाईंनी काठी घेतली आणि एक पायरी उतरल्या. निशिकांतने फोन खिशात टाकला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्यांचा निरोप घेताना तो कायम करायचा तेच करायला, त्यांच्या पायांना हात लावायला, तो खाली झुकला.

बाईंनी पाय मागे घेतले.

निशिकांत अर्धवट झुकलेला, हात हवेत.

“बाई... रागावलात?”

बाईंनी त्याच्या खांद्याला हात लावून त्याला सरळ उभं केलं. मग त्या त्याच्यासमोर तशाच उभ्या राहिल्या, काठीवर भार देऊन, त्याच्या नजरेला नजर देऊन. वाकलेल्या पाठीच्या, म्हाताऱ्या, थकलेल्या.

“वाकलं की दिसत नाही, निशिकांत.”